पाहुण्यांची वही

हेवर्ड गावाच्या पुढे चौदा मैल,
शेवटचे दोन कच्चे.
टपालपेटीवर रंगवलेला मासा, त्याच्या पोटाखाली किल्ली.
फ्रिजवर मालकीणबाईंच्या, मिसेस लिंडक्विस्टच्या सूचना:
कचरा आत ठेवा, अस्वल येतं.
ओले टॉवेल कठड्यावर वाळत घालू नका.
जाताना वहीत दोन ओळी लिहा.

हे तळं मी जानेवारीतच बुक केलं होतं,
बाहेर बर्फ ढोपरभर असताना.
पाण्याकाठी चहा, सगळ्यांच्या गप्पा,
असं काहीतरी डोळ्यांपुढे.

ऊर्वी सोळाची, शार्दूल चौदाचा,
शिवाय शार्दूलचा मित्र ओवेन, जो सगळं खातो
आणि घासाघासाला थँक्यू म्हणतो.
थालीपीठ, थँक्यू. कालचा फोडणीचा भात, थँक्यू.
माझ्या पोटच्या दोघांनी मिळून
एवढे थँक्यू जन्मात खर्च केले नसतील.

पहिल्या दिवशी तिघं उठली एक वाजता.
दुसऱ्या दिवशी दीडला.
म्हटलं, अगं ऊर्वी, तळं बघ, किती निळं!
तिनं बघितलं. म्हणाली, हो, निळं आहे.
आणि फोन उंच धरून
अंगणभर रेंज शोधत फिरली,
संकष्टीला ढगांत चंद्र शोधावा तशी.

शार्दूलनं कायाक उलटी केली
आणि तीन दिवस तशीच ठेवली.
नवरा झुल्यात. पुस्तक पोटावर, पान बारा.
मंगळवारपासून पान बारा.

आराम कर, म्हणतात सगळे.
मी सगळं भरून आणलं होतं:
चकल्या, मेतकूट, पत्त्यांचे दोन कॅट,
डासांचं मलम, जास्तीच्या चादरी.
आराम कुठल्या पिशवीत ठेवला
तेवढं आठवेना.

गुरुवारी पहाटेच जाग आली.
घर चार वेगवेगळ्या सुरांत घोरत होतं.
धक्क्यावर गेले. पाण्यावर वाफ.
लांब कुठेतरी लून पक्षी ओरडला,
हसला की रडला, माझं अजून ठरत नाही.

मी पोहायला शिकले मळ्यातल्या विहिरीत,
पाठीला पांगिऱ्याचा बिंडा,
आणि काकानं न सांगता दिलेला धक्का.
तेराव्या वर्षी थारोळ्यावरून असे मुटके मारायची
की पाणी चार पायऱ्या वर चढायचं.
चौदावं लागलं. आई म्हणाली, आता पुरे.
का, ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
तेवढ्यावर तीस वर्षं गेली.

चष्मा फळीवर ठेवला.
अंगात रात्रीचाच कुर्ता.
इकडे तिकडे बघितलं, गुडघे छातीशी घेतले

आणि गार,
इतकं गार की नावंच विसरायला झाली,
सगळ्यांची, माझंसुद्धा.
वर आले तेव्हा धक्का हलत होता
आणि लून गप्प.

नंतर पोहे केले.
केस ओले का, कुणी विचारलं नाही.
ओवेन म्हणाला, थँक्यू.

शनिवारी निघताना वही फिरली.
शार्दूल: मासे शून्य, अस्वल शून्य, चकली दहापैकी दहा.
ओवेननं माशाचं चित्र काढलं, खाली तुम्ही ओळखलंच.
नवऱ्यानं तारीख आणि पूर्ण नाव,
बँकेचा फॉर्म भरावा तसं.
ऊर्वीनं सगळ्यांत शेवटी लिहिलं
आणि वही मिटून ठेवली.

ते गाडीत बॅगा कोंबत होते तेव्हा उघडली.
तिच्या तिरक्या इंग्रजी अक्षरात:
गुरुवार, पाच चाळीस, वरच्या खिडकीतून.
बाहेर आल्यावर तिला चष्मा सापडत नव्हता.
हाक मारणार होते. नाही मारली.

म्हणजे त्या पहाटे
घोरणारे तीनच होते.
म्हणजे ही पोरगी तोवर झोपलीच नव्हती!
रागवायला तोंड उघडलं, आणि
तसंच उघडं राहिलं थोडा वेळ.

बाहेर हॉर्न. एकदा, दोनदा.
खाली दोन ओळींपुरती जागा होती.
मी मराठीत लिहिलं, मिसेस लिंडक्विस्टना कळो न कळो:
गुरुवारी एक टॉवेल कठड्यावर वाळत होता.
तो माझा.